पंखा फिरतोय, तरी काटा वर

गाडी १९८९ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, पेट्रोल. त्रास चार उन्हाळे तोच.

बायपासला साठच्या वेगात असली की टेंपरेचरचा काटा मधोमध, शहाण्या मुलासारखा. तीच गाडी पुण्यात कात्रज चौकात किंवा सिंहगड रोडला दहा मिनिटं अडकली की काटा लाल पट्टीच्या दारात. पुढे रस्ता मोकळा झाला की पाच मिनिटांत परत खाली. पावसाळ्यात आणि थंडीत काही नाही. मार्च उजाडला की पुन्हा सुरू.

दरवर्षी मी काहीतरी बदलून घ्यायचो. पहिल्या उन्हाळ्यात थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप), दुसऱ्यात पाणी फिरवणारा वॉटर पंप. तिसऱ्या वर्षी रेडिएटर उतरवून टाक्या खोलल्या आणि रॉडिंग मारून घेतलं, म्हणजे नळ्यांत सळ्या घालून साफसफाई. होज पाईप नवे, कॅप दोनदा नवी. प्रत्येक वेळी गॅरेजमधून निघताना वाटायचं, झालं एकदाचं. आणि प्रत्येक वेळी नवले पुलाखालच्या कोंडीत माझी नजर रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त. "काका, गाडी जुनी झाली, गरम होणारच," हे तर तीन वेगवेगळ्या लोकांनी ऐकवलं. मला ते कधीच पटलं नाही. ही गाडी नवी होती तेव्हाही पुण्यात एप्रिल होता, आणि तेव्हाही तिला लक्ष्मी रोडवरूनच जावं लागत होतं.

खरं तर उत्तर लक्षणातच होतं. मी चार वर्षं ते वाचलं नाही, एवढंच.

काटा कधी चढतो, ते आधी बघा

वेगात असताना समोरचा वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, तेव्हा पंख्याची गरजच नसते. त्यामुळे वेगात गाडी थंड राहत असेल तर पाणी फिरतंय, थर्मोस्टॅट उघडतोय, रेडिएटरच्या नळ्या मोकळ्या आहेत. उभ्या गाडीतच काटा चढत असेल तर संशयित एकच: हवा. म्हणजे पंखा, त्याची वायरिंग, त्याचं आवरण, किंवा रेडिएटरच्या पुढच्या जाळीत अडकलेला कचरा.

उलटं लक्षण असेल, म्हणजे गावात ठीक आणि हायवेला किंवा खंबाटकी चढताना गरम, तर पंख्याकडे बघूच नका. तिथे नळ्यांतला क्षार, दबणारा खालचा होज, घसरणारा बेल्ट किंवा मागे पडलेलं टायमिंग (ठिणगी उशिरा पडणं) शोधा. आणि दोन्हीकडे गरम होऊन पाणी कमी होत असेल, रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील. ते काम घरी करायचं नाही.

मी वॉटर पंप बदलला तेव्हा वरचं एवढं जरी कुणी सांगितलं असतं तरी माझे बरेच पैसे वाचले असते. अर्थात मीही कुणाला नीट विचारलं नव्हतं. "गाडी हीट मारते, बघा जरा," एवढंच बोलून चावी देणारा माणूस मी.

पंख्याची कुळकथा

पद्मिनीचा मूळ पंखा इंजिनाच्या बेल्टवर चालतो, वॉटर पंपाच्या पुलीवर बसवलेला. साधा, भरवशाचा, पण त्याला एक अंगभूत अडचण आहे: इंजिन जितकं हळू, तितका तोही हळू. म्हणजे सिग्नलला गाडी आयडलवर, म्हणजे उभ्या उभ्या मंद वेगात, धुगधुगत असते, हवेची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका तेव्हा तो सगळ्यात आळशी. आणि हायवेला, जिथे त्याची गरज नाही, तिथे गरागरा फिरून इंजिनाची ताकद खातो. म्हणून बरेच जण तो काढून छोट्या गाडीचा इलेक्ट्रिक पंखा रेडिएटरच्या मागे बसवतात. कल्पना उत्तम आहे. माझ्या गाडीतही ते काम चार वर्षांपूर्वीच झालं होतं. एका इलेक्ट्रिशियनने जुन्या बाजारातला पंखा बसवून डॅशबोर्डखाली एक टॉगल बटण दिलं. गरम वाटली की बटण दाबायचं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल: त्रास चार वर्षांचा आणि पंखाही चार वर्षांचा. माझ्या आलं नाही. कारण मी दर वेळी बोनेट उघडून बघायचो तेव्हा पंखा फिरत असायचा. फिरतोय ना? मग पंख्याचा दोष नाही.

वर्तमानपत्राचं पान

यंदा एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये भाच्याला मदतीला घेतलं. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे माझ्यापेक्षा थिअरी जास्त आणि हात काळे व्हायची भीतीही जास्त. त्याने विचारलं, "मामा, हवा कुठल्या बाजूने येते?"

मी म्हटलं, "समोरून आत. अजून कुठून येणार?"

तरीही बघू म्हणून जुन्या वर्तमानपत्राचं एक पान चौपदरी न करता तसंच सुटं पुढच्या जाळीसमोर धरलं आणि बटण दाबलं. पान जाळीला चिकटायला हवं होतं. ते फडफडून आमच्या अंगावर आलं.

पंखा उलटा फिरत होता. इंजिनाच्या बाजूची गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलत होता. हायवेला समोरचा वारा त्याच्यावर मात करायचा, म्हणून काटा जागेवर. सिग्नलला मैदान पंख्याच्या हातात, आणि तो इंजिनाचीच ऊब रेडिएटरला परत पाजायचा.

कारण इतकं क्षुल्लक की सांगायला लाज वाटते. या पंख्याची मोटर डीसी असते. प्लस-मायनस उलट जोडले की ती उलटी फिरते. फिरते मात्र छान, आवाजही तसाच. मोटरच्या दोन वायरींना पुढे काळ्या वायरचेच तुकडे जोडून वर काळी टेप गुंडाळली होती. टेप सोडवली, दोन्ही टोकं अदलाबदल केली, पुन्हा पान धरलं. चिकटलं. पण जेमतेम. दोनेक सेकंदांनी हळूहळू घसरत खाली आलं.

इथे एक सांगून ठेवतो. पात्यांना वाक असतो आणि तो एकाच दिशेसाठी बनवलेला असतो. रेडिएटरच्या मागे बसून ओढणारा आणि पुढे बसून ढकलणारा पंखा वेगळे. माझा सुदैवाने ओढणाराच होता. तुमचा जर दुसऱ्या प्रकारचा असेल तर नुसत्या वायरी बदलून हवा सरळ होईल, पण पुरेशी मिळणार नाही.

व्होल्टेज कुठे मुरतंय

घसरलेल्या पानाने पुढचं काम लावलं. तपकीर गल्लीतून मल्टीमीटर आणला होता, तो डीसी २० व्होल्टवर ठेवला. इंजिन चालू, पंखा चालू. बॅटरीवर १३.४.

"आता पंख्याच्या कनेक्टरवर."

"मामा, दहा."

"नीट लाव, हलतोय तो."

"नीटच लावलाय. दहाच दाखवतंय."

म्हणजे ३.४ व्होल्ट वाटेतच गडप. पंख्याचा वेग जवळपास व्होल्टेजच्या पटीत घटतो आणि वेगाच्या पटीत हवा. थोडक्यात, दिशा सुधारूनही पाव हवा कमीच होती.

हे मोजताना एक चूक सगळे करतात: पंख्याचा कनेक्टर काढून ठेवून मीटर लावतात. तेव्हा करंट वाहतच नाही, त्यामुळे सडक्या वायरीच्या टोकालाही पूर्ण बारा व्होल्ट दिसतात आणि माणूस म्हणतो, वायरिंग उत्तम. लोड चालू असतानाच मोजायचं. त्याहून सोपी रीत अशी की मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं वाटेतल्या एकेका जोडावर ठेवत जायचं; जे आकडे दिसतात तीच त्या जोडापर्यंतची गळती. अर्थिंगसाठी तसंच, बॅटरीच्या मायनसपासून पंख्याच्या मायनसपर्यंत.

आमचा हिशोब असा निघाला. इग्निशन स्विच आणि फ्यूजच्या हिरव्या पडलेल्या पितळी क्लिपा मिळून ०.६. टॉगल बटणात १.१, आणि बटण हाताला चांगलंच गरम लागत होतं. इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत जाऊन परत येणाऱ्या बारीक वायरीत ०.८. उरलेले ०.९ अर्थिंगमध्ये: पंख्याची मायनस वायर रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूने आवळली होती, रंग न खरवडता.

साधं गणित करून बघा. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या चार मीटर वायरीचा रोध साधारण ०.०९ ओहम. त्यातून आठ अँपिअर गेले की पाऊण व्होल्ट गेलाच. आणि हे मोटर फिरत असताना. सुरू होण्याच्या क्षणी ती याच्या दुप्पट-तिप्पट करंट ओढते. घरातल्या दिव्याला शोभणारी वायर इथे घालून कसं चालेल?

रिले

रिलेचं नाव काढलं की काही लोक घाबरतात. वास्तविक तो थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा, शे-दीडशे रुपयांचा डबा आहे आणि त्याच्या पायांवर आकडे लिहिलेले असतात. ३० नंबरला बॅटरीकडून येणारी जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावून. ८७ वरून तीच जाडी पंख्याच्या प्लसला. ८६ ला इग्निशनचा प्लस, ८५ वरून थर्मोस्विचमार्गे (पाणी तापलं की आपोआप चालू होणारा स्विच) अर्थ. पंख्याचा सगळा भार ३० ते ८७ या वाटेने जातो, आणि ८५-८६ मधून अगदी थोडा, अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी.

मी २.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरली आणि १५ अँपिअरचा फ्यूज. अर्थिंग थेट बॅटरीच्या मायनसवर नेलं. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी, पकडीने दाबून वर सोल्डर, मग उष्णतेने आक्रसणारी नळी. टेप नाही. इंजिनाच्या उष्णतेत टेपचा गोंद वितळतो आणि दोन वर्षांत वायर उघडी पडते, हे मी याच गाडीत तीन ठिकाणी बघितलंय. जुनं टॉगल बटण फेकलं नाही. ते थर्मोस्विचला समांतर जोडलं. स्विच मेला तर हाताने पंखा लावता येतो, आणि बटणातून आता नगण्य करंट जातो. रिले मात्र पाणी उडणार नाही अशा जागी, पाय खाली करून बसवायचा.

पुन्हा मोजलं: बॅटरीवर १३.४, पंख्यावर १३.१. पंख्याचा आवाजच बदलला. आधी घरघरायचा, आता घोंगावतो. पान जाळीवर असं बसलं की ओढून काढावं लागलं.

८६ ला इग्निशनऐवजी थेट बॅटरी देणारेही आहेत, म्हणजे गाडी बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ चालतो. मला ते आवडत नाही. थर्मोस्विच चिकटला तर सकाळी बॅटरी झोपलेली सापडते. आणि तुमच्या गाडीत तसं असेल तर चावी काढलेली असतानाही पंख्याजवळ बोटं नेऊ नका. तो सांगून सुरू होत नाही.

थर्मोस्विच आणि त्याची जागा

थर्मोस्विचच्या अंगावर ९२-८७ असे आकडे असतात: ९२ अंशांना चालू, ८७ ला बंद. मात्र तो कुठे बसवता यावर सगळं आहे. रेडिएटरच्या वरच्या बाजूला इंजिनातून येणारं गरम पाणी असतं, खालच्या टाकीत थंड होऊन निघालेलं. ९२चा स्विच खाली बसवला तर तिथे ९२ होईपर्यंत इंजिन केव्हाच उकळलेलं असतं. खाली बसवायचा तर कमी आकड्याचा घ्या. मी वरच्या होजमध्ये जोडनळी घालून तिथे बसवलाय.

पंखा लागत नसेल तर स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवा. लागला तर स्विच गेला, नाही लागला तर रिले, फ्यूज किंवा मोटर बघा. एक फसवा प्रकार अजून आहे: पाणी कमी असलं की स्विचभोवती हवेचा फुगा राहतो. स्विच पाण्यात बुडालेला नसला की त्याला खरं तापमान कळत नाही आणि इंजिन उकळत असतानाही पंखा गप्प. पाणी बदलल्यावर कॅप उघडी ठेवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालू ठेवून हवा बाहेर काढणं म्हणूनच टाळू नये. अर्थात कॅप इंजिन थंड असतानाच उघडायची.

पाण्यावरून आठवलं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे उघड्या भांड्यात पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मुंबईच्या गाडीपेक्षा आपल्याकडे दोन अंशांनी कमी मुभा. कॅप दर पौंड दाबामागे उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर नेते, म्हणून कॅपचं रबर तडकलेलं असेल तर ते आधी बदला. आणि टँकरचं किंवा बोअरचं पाणी कृपा करून घालू नका. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं, त्यात निम्मं कूलंट.

पत्र्याचं आवरण

एवढं करूनही मेमधल्या पहिल्याच कोंडीत काटा मधोमधपेक्षा थोडा वर राहिला. लालपासून लांब, पण मला खटकलं. कारण पंखा गोल आणि रेडिएटर चौकोनी. पंख्याच्या समोरच्या भागातूनच हवा ओढली जात होती, कोपरे नुसते शोभेला. शिवाय पात्यांच्या टोकांवरून हवा वळून परत मागच्या मागेच फिरायची.

बोहरी आळीतून अॅल्युमिनिअमचा पत्रा आणला आणि ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून रेडिएटरच्या मापाचा उथळ डबा करून घेतला, मधे पंख्यापुरतं गोल भोक. पात्याचं टोक आणि भोकाची कड यात साधारण एक सेंटिमीटर फट. कडेने रबराची पट्टी, म्हणजे खडखडत नाही आणि हवाही चोरून जात नाही. आधी पुठ्ठ्याचा नमुना करा. आमचा पहिला पुठ्ठा वॉटर पंपाच्या पुलीवर घासत होता.

मला विचाराल तर मोठा, जास्त वॉटचा पंखा शोधत नाना पेठ पालथी घालण्यापेक्षा आधी हा डबा करा. मोठा पंखा करंटही जास्त मागतो. ज्यांच्या जुन्या गाडीत बॅटरी चार्ज करायला अजून डायनॅमो आहे त्यांनी तर इलेक्ट्रिक पंख्याचा विचार आल्टरनेटर बसवल्याशिवाय करूच नये. आयडलला डायनॅमो जवळपास काहीच देत नाही, आणि पंखा नेमका आयडललाच मागतो.

दर फेब्रुवारीत

रेडिएटरची पुढची बाजू टॉर्चने बघा. बांधकामांची धूळ असतेच, वर उन्हाळ्यात सावरीचा कापूस उडतो, तो रेडिएटरच्या बारीक पत्तींत जाऊन नमद्यासारखा बसतो. पाणी मारायचं ते इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे आला त्या वाटेने जाईल, आणि साध्या नळीने. प्रेशर वॉशरने पत्ती आडव्या होतात.

पंखा हाताने फिरवा, गाडी आणि चावी पूर्ण बंद असताना. लगेच थांबत असेल तर दांडा ज्यात फिरतो तो बुश कोरडा. बोटाने ढकलल्याशिवाय सुरू होत नसेल तर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत. रिवाइंडिंगवाला ते बदलून देतो, नवी मोटर लागत नाही. बेल्टही दाबून बघा. पंखा काढला तरी पंप आणि आल्टरनेटर त्याच बेल्टवर आहेत. मधोमध अंगठ्याने साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे.

काट्यावरच विश्वास नसेल तर लांबून तापमान मोजणारी बंदूक घ्या आणि रेडिएटरच्या काळ्या रंगवलेल्या टाकीवर धरा. चकचकीत पितळेवर आकडा खोटा येतो. कोविडमध्ये घेतलेली कपाळाची बंदूक मात्र कपाटातच राहू द्या. ती तापाच्याच आकड्यांपुरती असते. मी लावून बघितली, नुसतं "हाय" म्हणाली.

गेल्या महिन्यात सिंहगड रोडला पंचवीस मिनिटं अडकलो. पंखा सात-आठ वेळा लागला आणि बंद झाला, काटा मधोमध. आता उरलंय ते एक: पावसात रात्री हेडलाइट, वायपर आणि पंखा एकदम चालू असताना सिग्नलला बॅटरीवर १२.१ दिसतात, म्हणजे आल्टरनेटर आयडलला कमी पडतोय. तूर्तास आयडल स्क्रू पाव आटा घट्ट केलाय आणि सिग्नलला हेडलाइट पार्किंगवर आणतो. आल्टरनेटर उतरवायला भाचा पुढच्या रविवारी येणार आहे, या वेळी हातमोजे घेऊन.